देवाची शपथ आणि माणसाचा शब्द

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना नोटरीच्या टेबलाची ओळख करून द्यायला नको. अलिबागकडे किंवा पेणकडे वडिलोपार्जित वाडी असते, भायखळ्याला किंवा ठाण्याला जुनी जागा असते, भावंडे तीन देशांत पांगलेली असतात, आणि एक दिवस तिकडच्या वकिलाचे पत्र येते की सोबतच्या कागदावर नोटरीसमोर सही करून पाठवा. आम्ही अमेरिकेत मेरीलँड राज्यात, माँटगोमेरी काउंटीत राहतो. आजोबांच्या वाडीच्या वाटणीसाठी आम्हांलाही असे एक शपथपत्र करावे लागले. जवळच्या बँकेतली नोटरी म्हणजे विशीतली एक मुलगी होती. तिने आमचे ओळखपत्र पाहिले, नाव ताडून घेतले, उजवा हात वर करायला सांगितला आणि विचारले, "या कागदातला मजकूर खरा आहे अशी तुम्ही शपथ घेता, की प्रतिज्ञा करता?"

आम्ही "शपथ घेतो" म्हणालो, सही केली, शिक्का उमटला आणि काम झाले. घरी येताना मात्र तिच्या प्रश्नातला तो 'की' मनात घोळत राहिला. शपथ घेतात ती देवाला साक्षी ठेवून. प्रतिज्ञेत देवाचे नाव नसते. तिथे माणूस स्वतःच्या शब्दाला स्वतःच जामीन राहतो. कायद्यापुढे दोहोंचे वजन सारखे, आणि मजकूर खोटा निघाला तर शिक्षाही सारखीच. आपल्यापैकी ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले त्यांनाही त्या समारंभात ही मुभा होती, पण त्या आनंदात आणि धांदलीत तिकडे कोणाचे लक्ष गेले असेल? हा एवढासा 'की' मिळायला किती काळ लागला हे आम्ही शोधू लागलो. तेव्हा दिसले की या गोष्टीचा पहिला भाग आपल्या यहुदी लोकांचाच आहे, आणि दुसरा भाग तर आम्ही राहतो त्याच काउंटीत घडलेला आहे. तो वाचताना आम्हांला आमच्या घरातली एक गोष्ट आठवली. ती शेवटी सांगू.

जुन्या काळच्या न्यायाधीशांचा विचार सरळ होता. माणूस खोटे का बोलत नाही? तर देव पाहतो आहे आणि तो शिक्षा करील या भीतीने. ही भीती ज्याला नाही त्याची साक्ष घेण्यात अर्थ नाही. मग त्याच तर्काने पुढचे पाऊल पडे: ज्याचा देव आमच्या देवासारखा नाही, त्याची भीतीही खरी नाही, म्हणून त्याचा शब्दही खरा नाही. युरोपात शेकडो वर्षे यहुदी माणसाला कोर्टात इतरांसारखी शपथ घेऊ देत नसत. त्याच्यासाठी निराळी शपथ असे. तीत तो खोटे बोलला तर त्याच्यावर कोणकोणते शाप पडोत याची लांबलचक यादी त्याच्याच तोंडून वदवीत. जर्मन मुलखातल्या एका जुन्या कायदेग्रंथात तर यहुद्याला डुकरिणीच्या कातड्यावर उभे करून शपथ द्यावी असे लिहिलेले आहे. या प्रकाराचा शेवट फ्रान्समध्ये १८४६ साली झाला, तो ॲडॉल्फ क्रेम्यो या यहुदी वकिलाच्या झगड्यामुळे. प्रशियात त्यासाठी १८६९ साल उजाडावे लागले.

आपल्यावर अविश्वास दाखविणारे लोक एक कारण हमखास पुढे करीत. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरच्या आदल्या संध्याकाळी आपण 'कोल निद्रे' म्हणतो आणि आपल्या नवसांतून व प्रतिज्ञांतून मोकळे होतो, तेव्हा यहुद्याच्या शपथेला अर्थ काय, असे ते म्हणत. वास्तविक ती सुटका फक्त माणसाने देवाशी केलेल्या नवसांपुरती आहे. दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द तिने सुटत नाही. शेजाऱ्याचे आपण काही बुडविले असेल तर आधी त्याच्या दारी जाऊन त्याचे समाधान करावे लागते. दिवसभर उपास करून आणि पांढरे कपडे घालून ते देणे फिटत नाही. आपल्या घराण्यांतून लहान पोरालाही हे ठाऊक असे. पण ज्यांना ऐकायचे नव्हते त्यांना ते कोणी सांगायचे?

यात आपल्या हिंदुस्थानचाही एक धागा आहे. कलकत्त्याच्या ओमीचंद नावाच्या व्यापाऱ्याने बार्कर नावाच्या इंग्रजावर पैशांसाठी दावा लावला होता. त्यातल्या हिंदू साक्षीदारांनी ब्राह्मणाच्या पायाला हात लावून, आपल्या रीतीप्रमाणे शपथ घेतली होती. ती साक्ष इंग्लंडच्या कोर्टात चालेल का, हा प्रश्न १७४४ साली लंडनला उभा राहिला. जुन्या इंग्रज कायदेपंडितांचे मत ख्रिस्तेतरांच्या साक्षीविरुद्ध होते. पण लॉर्ड हार्डविक यांनी ती साक्ष ग्राह्य धरली. कारण असे दिले गेले की हे लोक ख्रिस्ती नसले तरी जग निर्माण करणाऱ्या आणि खोट्याला शिक्षा करणाऱ्या देवाला मानतात. दार उघडले ते इतकेच. देवाला मुळीच न मानणारा बाहेरच राहिला. हाच कायदा इंग्रजांबरोबर अमेरिकेत आला. १८३१ साली तोकव्हील हे फ्रेंच गृहस्थ अमेरिका पाहायला आले असता त्यांच्या कानांवर एक प्रकरण आले. न्यूयॉर्क राज्यातल्या एका कोर्टात साक्षीदाराने आपण देव मानीत नाही असे सांगताच न्यायाधीशाने त्याची साक्ष घेण्याचे नाकारले होते. तोकव्हील यांनी आपल्या ग्रंथात हे नमूद केले आहे, आणि त्यावर तिथे कोणी फारशी चर्चाही केली नाही, असेही लिहिले आहे.

आता मेरीलँडकडे येऊ. अमेरिकेच्या १७८७ सालच्या राज्यघटनेत स्पष्ट म्हटले आहे की केंद्र सरकारच्या कोणत्याही पदासाठी धर्माची कसोटी लावू नये. त्याच घटनेत राष्ट्राध्यक्षालाही शपथ किंवा प्रतिज्ञा अशी निवड दिलेली आहे. ही निवड कायद्यात आणली ती क्वेकर पंथाच्या लोकांनी, आणि ते काही नास्तिक नव्हेत. 'एरवी आम्ही खरे बोलत नाही की काय, म्हणून शपथेची गरज पडावी?' असा त्यांचा रोख होता, म्हणून ते शपथच घेत नसत आणि त्यापायी तुरुंगात जात. अखेर इंग्लंडमध्ये १६९६ साली त्यांना प्रतिज्ञेची सवलत मिळाली. म्हणजे ज्या दाराने पुढे नास्तिक आत आले, ते दार अतिशय श्रद्धाळू माणसांनी उघडलेले होते.

परंतु घटनेतली ती बंदी केंद्रापुरती होती, राज्यांना लागू नव्हती. मेरीलँडच्या १७७६ सालच्या घटनेप्रमाणे सरकारी पद हवे असेल तर आपण ख्रिस्ती धर्म मानतो असे लिहून द्यावे लागे. बाल्टिमोरमधले यहुदी व्यापारी कर भरीत आणि शहराच्या उभारणीत भाग घेत, पण त्यांना नगरपालिकेतही बसता येत नसे. सॉलोमन एटिंग यांनी १७९७ सालीच याविरुद्ध अर्ज केला होता. तो तसाच पडून राहिला.

मग १८१८ साली टॉमस केनेडी नावाच्या आमदाराने हा प्रश्न हाती घेतला. हे मूळचे स्कॉटलंडचे, धर्माने ख्रिस्ती, आणि मेरीलँडच्या डोंगराळ पश्चिम भागातून निवडून आलेले. त्यांनी सभागृहात सांगितले की आपल्या भागात एकही यहुदी नाही आणि जगातल्या कोणाही यहुद्याशी आपली ओळख नाही. तरीही ते आठ वर्षे भांडले. विधेयक पडले, पुन्हा आणले, पुन्हा पडले. १८२३ सालच्या निवडणुकीत विरोधकांनी स्वतःला 'ख्रिस्ती पक्ष' म्हणवून घेतले आणि केनेडी हरले. ते पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. शेवटी १८२६ च्या जानेवारीत कायदा कायम झाला, आणि त्याच वर्षी सॉलोमन एटिंग व जेकब कोहेन हे दोघे यहुदी बाल्टिमोरच्या नगरपालिकेत निवडून गेले. अशा माणसाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवे. ओळखीच्या माणसासाठी कोणीही भांडतो. केनेडी अनोळखी माणसांच्या न्यायासाठी भांडले.

पण कायद्याचे शब्द नीट वाचले म्हणजे एक गोष्ट टोचते. यहुद्याने ख्रिस्ती असल्याचे लिहून देण्याची गरज उरली नाही, परंतु मरणोत्तर पुण्याचे फळ आणि पापाची शिक्षा मिळते यावर आपला विश्वास आहे, असे त्याने लिहून द्यावयाचे होते. म्हणजे आपण आत आलो, आणि आपल्या पाठीमागे दार पुन्हा लोटले गेले. पुढे १८६७ च्या घटनेत देव आहे एवढे मान्य केले की पुरे, अशी तरतूद झाली. ती चौऱ्याण्णव वर्षे टिकली. त्या काळात आपल्यातल्या कोणाला बाहेर राहिलेल्याची आठवण झाली असेल का, कोण जाणे.

त्या बाहेर राहिलेल्याचे नाव रॉय टॉरकॅसो. माँटगोमेरी काउंटीत एका बांधकाम कंपनीत ते हिशेबनीस होते. त्यांची नोटरी म्हणून नेमणूक झाली होती. नोटरीचे काम ते काय? समोरचा माणूस तोच आहे ना, सही त्याचीच आहे ना, हे पाहून शिक्का मारायचा. काउंटी कोर्टाच्या कचेरीत त्यांच्यापुढे कागद आला: देवाच्या अस्तित्वावर माझा विश्वास आहे. टॉरकॅसो म्हणाले, माझा तसा विश्वास नाही, तेव्हा हे मी म्हणणार नाही. कचेरीने अधिकारपत्र दिले नाही. ते कोर्टात गेले. खाली हरले, आणि १९६० साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टातही हरले. तिथे सांगण्यात आले की तुमच्यावर देव मानण्याची सक्ती कोणी केलेली नाही, कारण नोटरी होण्याची सक्तीही कोणी केलेली नाही.

वाचकहो, इथे क्षणभर थांबून विचार करा. टॉरकॅसो खोटे बोलणारे असते तर काय झाले असते? एक वाक्य पुटपुटून, सही करून, दहा मिनिटांत अधिकारपत्र खिशात घालून ते घरी गेले असते. त्यांना कोणी अडविले नसते, कारण पोटात काय आहे हे पाहण्याचे यंत्र कचेरीत नव्हते. खऱ्याखोट्याची राखण करण्याच्या कामासाठी उमेदवार निवडायचा, आणि उंबरठ्यावरच त्याला खोटे बोलायला लावायचे. जो बोलेल तो आत आणि जो बोलणार नाही तो बाहेर, असा तो प्रकार होता. ती चाळणी उलटी होती. लबाड नास्तिक तीतून सहज खाली उतरे, अडकून राही तो प्रामाणिक नास्तिक. लबाड आस्तिक तर चाळणीला शिवतही नसे.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९ जून १९६१ रोजी एकमताने टॉरकॅसो यांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले: केंद्राला किंवा राज्याला, कोणालाही, 'मी मानतो' किंवा 'मी मानीत नाही' असे माणसाकडून बळाने वदवून घेता येणार नाही, आणि पद मिळविण्याची सक्ती नाही ही सबब चालणार नाही, असा त्याचा आशय. टॉरकॅसो यांची बाजू मांडणाऱ्यांत लिओ फेफर हे वकील होते. ते रब्बींच्या घरात जन्मलेले आणि अमेरिकन ज्यूइश काँग्रेस या यहुदी संस्थेचे काम पाहणारे. ख्रिस्ती केनेडींनी यहुद्यांसाठी जे केले ते सुमारे दीड शतकाने एका यहुद्याने नास्तिकासाठी केले. ही परतफेड ठरवून केलेली नसेल, पण आम्हांला ती परतफेडच वाटते.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९६५ साली मेरीलँडमध्येच एका बौद्ध आरोपीने हरकत घेतली की ज्या ज्यूरीत देव मानणाऱ्यांनाच बसता येते ती माझा न्याय करू शकत नाही. कोर्टाने ते मान्य केले आणि राज्यातले कितीतरी खटले नव्याने चालवावे लागले. १९७५ पासून अमेरिकेच्या केंद्रीय कोर्टांत असा नियम आहे की साक्षीदार खरा की खोटा हे दाखविण्यासाठी त्याच्या श्रद्धेचा किंवा अश्रद्धेचा पुरावा पुढे आणता येत नाही. आणि १९९७ साली साउथ कॅरोलिनात हर्ब सिल्वरमन या गणिताच्या प्राध्यापकांनी नोटरीच्याच पदासाठी असाच झगडा जिंकला. ते यहुदी घरात वाढलेले आहेत आणि देव मानीत नाहीत. काही राज्यांच्या घटनांत जुनी वाक्ये अजून छापलेली आहेत, मेरीलँडच्याही आहेत. फक्त त्यांची अंमलबजावणी होऊ शकत नाही.

इथवर इतिहास झाला. पण कायदा काही म्हणो, देव न मानणारा माणूस मनापासून प्रामाणिक असू शकतो का, हा प्रश्न आपल्या लोकांच्या मनात असतोच. आमच्याही होता. आमचे आजोबा कोकणातल्या त्या वाडीवर राहत आणि त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवार तेली म्हणून ज्यांना गाव ओळखी त्यांपैकी आम्ही. शनिवारी घाणा बंद. खोबरेल तेलात हलके तेल मिसळणे ठाऊक नसे आणि माप काठोकाठ भरे. आजोबा सांगत की एलियाहू हन्नाबी कोणत्या वेषात गिऱ्हाईक होऊन येईल याचा नेम नाही. या श्रद्धेने त्या घराला सरळ ठेवले, हे आम्ही कधी नाकारणार नाही. पण लहानपणी आम्ही त्यावरून एक चुकीचे गणित मांडले: श्रद्धा आहे तिथे सचोटी आहे, तर श्रद्धा नाही तिथे सचोटीही नसणार.

हे गणित आमच्याकडून खोडून घेतले ते वॉर्डातल्या एका रात्रीने. आम्ही मुंबईत नर्सिंग शिकलो तेव्हा दिवा हातात घेऊन नाइटिंगेलबाईंच्या नावाची प्रतिज्ञा घेतली होती. ती प्रतिज्ञा बाईंनी लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेतच, डेट्रॉइटला तयार झाली. तीत देवाला साक्षी ठेवले आहे. ती आम्ही मनापासून घेतली होती. अमेरिकेत आल्यावर एका इस्पितळात रात्रपाळी करीत होतो. मॉर्फीनसारखी औषधे कुलपात असत. पाळी बदलताना दोघींनी मिळून ती मोजायची आणि दोघींनी सही करायची. अर्धाच डोस द्यायचा असेल तर उरलेले औषध दुसऱ्या नर्सच्या डोळ्यांदेखत ओतून टाकायचे आणि तिने 'पाहिले' म्हणून सही करायची, असा नियम.

त्या रात्री धावपळ होती. आम्ही उरलेले मॉर्फीन सिंकमध्ये ओतले, खरोखरच ओतले, आणि मग रजिस्टर घेऊन एका सहकारिणीकडे गेलो. ती उघडपणे सांगे की आपण कोणताही देव मानीत नाही. ती म्हणाली, "मी पाहिले नाही. सही कशी करू?" आम्ही दुखावलो. विचारले, "माझ्यावर विश्वास नाही का?" ती म्हणाली, "तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. पण इथे 'विश्वास आहे' असे लिहिलेले नाही, 'पाहिले' असे लिहिलेले आहे." आम्हांला रात्रीच्या प्रमुखांकडे जाऊन झाले ते सांगावे लागले आणि आमच्या नावावर एक शेरा पडला. त्या दिवशी आम्ही मनात म्हणालो, हिला देव नाही म्हणून हिला दयामाया नाही.

नंतर कधीतरी निवांत बसलो असता लख्ख दिसले. त्याच वॉर्डात दुसऱ्या एक बाई होत्या. जेवणापूर्वी डोळे मिटून प्रार्थना केल्याशिवाय घास घेत नसत. त्या कोणाच्याही रजिस्टरवर न पाहता सही करीत, आणि आम्ही त्यांना फार चांगल्या समजत होतो. शिवाय दुसऱ्यांसाठी न पाहता सही आम्हीही केलेली होती, एकदा नव्हे, कित्येकदा. शब्बाथचे दिवे लावणाऱ्या या हातांनी. मॉर्फीन कुठे जाते आणि एखादी नर्स त्याच्या आहारी जाऊन कशी उद्ध्वस्त होते, हे आम्ही पुढे पाहिले. तेव्हा त्या सहीचे मोल कळले. तिच्या नकारात दया नव्हती असे नाही; ती दया आमच्यापेक्षा लांबचे पाहणारी होती.

याचा अर्थ नास्तिकपणा म्हणजे सचोटीचा दाखला, असेही कोणी समजू नये. देव न मानणारे लबाड आम्ही पाहिले आहेत आणि देवभीरू सज्जन तर पुष्कळच पाहिले. सांगायचे एवढेच की श्रद्धा हे सचोटीचे मूळ असू शकते. ती सचोटीची पावती होऊ शकत नाही. पावती मिळते ती मापात, हिशेबात, सहीत. शाळेत आपण आगरकरांविषयी शिकलो. देवाधर्माच्या रूढ कल्पना न मानणारा हा माणूस. जिवंतपणी पुण्याच्या लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. पण त्यांनी आयुष्यभर तुटपुंज्या पगारावर शिक्षकाचे काम केले, आणि १८९५ साली ते गेले तेव्हा आपल्या अंत्यविधीसाठी लागणारे पैसे त्यांनी वेगळे बांधून ठेवले होते, असे सांगतात. मेल्यावरही दुसऱ्याचे देणे राहू नये हा विचार त्यांना परलोकाच्या भीतीने शिकविला नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धर्म स्वीकारला. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे, आणि तिला साक्षी म्हणून देव नाही.

आपल्या समाजाने तर हे विशेष जाणायला हवे. आपला शब्द नाकारला जाणे म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगले आहे. इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने १९६२ साली निर्देश काढले की बेने इस्राएलांचा विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या वाडवडिलांची चौकशी करावी. शेकडो वर्षे कोकणात शब्बाथ पाळला, सुंता पाळली, शेमा जपला, तरी 'आम्ही यहुदी आहोत' हा आपला शब्द पुरेना. मुलाबाळांसकट लोक निदर्शनांना बसले. १९६४ साली क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला आणि निर्देशांतून आपले नाव गेले. ज्यांना असे दारात उभे केले गेले, त्यांनी दुसऱ्याला दारात उभे करताना दहादा विचार करावा.

आणि आता घरातली गोष्ट. आमचे यजमान वारले तेव्हा मुलाने कद्दीश म्हणावे ही आमची स्वाभाविक अपेक्षा होती. तो म्हणाला, "आई, मी रोज येईन, दहांत उभा राहीन. पण जे मला खरे वाटत नाही ते, तिथे उभा राहून, बाबांच्या नावाने कसे म्हणू?" आम्ही रडलो, रागावलो, आणि शेवटी म्हणालो, "नुसते ओठ हलव. कोणाला कळणार आहे?" त्याने मान खाली घातली आणि गप्प राहिला. कद्दीश आमच्या दिरांनी म्हटले. मुलगा मात्र कामावरून सुटल्यावर गाडी हाकीत येई आणि मागच्या बाकाशी उभा राही. कित्येक संध्याकाळी नऊच पुरुष जमलेले असत आणि त्याच्या येण्याने मिन्यान पुरे होई. तरीही ते महिनेभर आम्ही त्याच्याशी धड बोललो नाही.

टॉरकॅसो यांची हकीकत वाचताना ज्या वाक्यापाशी आम्ही थबकलो ते कोर्टाचे नव्हते, आमचे स्वतःचे होते: ओठ हलव, कोणाला कळणार आहे? काउंटीच्या कचेरीने त्या हिशेबनिसाकडून जे मागितले तेच आम्ही पोटच्या मुलाकडून मागितले होते. तेही त्याच्या बापाच्या नावाने, आणि ज्याला अंतरीचे सर्व कळते असे आम्ही मानतो त्याच्यापुढे. श्रद्धा आमची, आणि लबाडीचा सल्लाही आमचाच. आजोबांनी गिऱ्हाइकाच्या मापात जे कधी होऊ दिले नाही ते आम्ही प्रार्थनेत करायला सांगितले होते.

त्याने कद्दीश म्हटले असते तर आम्हांला आनंद झाला असता, आजही होईल. ती आस सुटलेली नाही आणि ती लपविण्यात अर्थ नाही. पण या दारफाळणीच्या सणाआधी आम्ही त्याला फोन केला आणि त्या वाक्याची माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, "आई, वाडीचे कागद गेले का?" आम्ही म्हणालो, गेले. सही आणि शिक्क्यासकट गेले.

शालोम.